दोघांनी मिळून एक डोंगर



देवळाली प्रवराहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. (राहुरी तालुक्यातली देवळाली बरं का, नाशिकजवळची नव्हे.) पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातला मुद्द्याचा भाग त्यांच्याच शब्दांत देते:

"लग्नाला चोवीस वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही, यांना कसलं व्यसन नाही. मुलगी सासरी गेली, मुलगा शिकायला पुण्याला. घर एकदम गप्प झालंय. आणि तेव्हा ध्यानात आलं, की आम्हा दोघांना बोलायला विषयच उरलेला नाही. 'गॅस संपत आलाय', 'लाईट बिल भरलं का', 'भाजी काय करू' एवढ्यावर दिवस सरतो. जेवण झालं की हे मोबाईल घेऊन बसतात, मी मालिका लावते. परवा मी म्हटलं, आपण दोघंच कळसूबाईला जाऊ या का? माझी मावसबहीण जाऊन आली. तर हे म्हणाले, 'आता या वयात?' आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ताई, माझं काही चुकलं का? आणि जाऊन खरंच काही उपयोग होतो का?"

हे पत्र एकट्या देवळालीच्या ताईंचं नाही. मुलं मोठी झालेल्या कितीतरी घरांतून हेच चाललेलं असतं. म्हणून उत्तर खाजगी न धाडता या पानावरच देते.

ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. आणि उपयोग होतो. मात्र तो शिखरावर फोटो काढल्यानं होत नाही. दोघं कसे चालता, कोण कुणासाठी थांबतं, ओझं कोण उचलतं, यावर तो अवलंबून असतो. नवरा-बायको डोंगरावर जाऊन अबोला धरून परत आल्याचीही उदाहरणं आहेत! तेव्हा नीट समजून घेऊ या.

घरातली खाती

संसार सुरू झाला की आपण न बोलता खातेवाटप करून टाकतो. स्वयंपाक, औषधपाणी, सणवार, पाहुणेरावळे तुमच्याकडे. बँक, गाडी, शेताचा नाहीतर दुकानाचा व्यवहार, बाहेरची कामं त्यांच्याकडे. हे काही वाईट नाही, त्याशिवाय घर चालत नाही. पण वीस-बावीस वर्षं असं गेलं की आपलं बोलणं म्हणजे एका खात्यानं दुसऱ्या खात्याला पाठवलेले निरोप होतात. मुलं घरात असेपर्यंत हे लक्षात येत नाही, कारण मुलांची शाळा, फी, परीक्षा, लग्न हा दोघांचा सामाईक विषय असतो. मुलं गेली की तो विषय जातो, आणि दोन खातेप्रमुख समोरासमोर बसून राहतात. प्रेम आटलेलं असतं असं नाही, बोलायची सवय गेलेली असते.

मग काही जणी ठरवतात, आज बसून बोलायचंच. "अहो, जरा बोला ना माझ्याशी!" आता तुम्हीच सांगा, असं समोर बसवून 'बोला' म्हटल्यावर कोणाला सुचतं? मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर बसल्यासारखं होतं.

चालताना तसं होत नाही. दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं वाटत नाही, कारण पाय चाललेले असतात. विषय वाटेवरच सापडतात. हे झाड कसलं, हा पक्षी कोणता, तो दूरचा किल्ला कोणता? करवंदाची जाळी दिसली की लहानपणी सुट्टीत मामाच्या गावी काय काय केलं ते आठवतं, आणि चोवीस वर्षांत न निघालेली गोष्ट सहज निघते. शिवाय डोंगरावर दाराची घंटा वाजत नाही, कुकरची शिट्टी होत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी मोबाईलची रेंजही जाते. ही रेंज जाणं मी तरी फायद्यातच धरते!

सात पावलं आपण चाललोच आहोत

'नवरा-बायकोनं डोंगर चढायचा, ही काय साहेबी थेरं' असं कुणी म्हणालं, तर त्यांना सप्तपदीची आठवण द्या. लग्नात आपण दोघं सात पावलं बरोबर चालतो, आणि सातव्या पावलाचा अर्थच मुळी 'आता तू माझा सखा, मी तुझी सखी' असा आहे. महाभारतातल्या सावित्रीचं पाहा. ज्येष्ठी पौर्णिमेला आपण वडाला फेऱ्या घालतो तीच ही सावित्री. ती त्या दिवशी घरी बसली नव्हती. सत्यवान लाकडं आणायला रानात निघाला, तेव्हा सासूसासऱ्यांची परवानगी घेऊन ती त्याच्याबरोबर रानात गेली. पुढं यमाच्या मागं चालत गेली आणि त्यालाही म्हणाली, की सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते सांगतात, तेव्हा त्या मैत्रीच्या नात्यानं माझं ऐका. सात जन्मांसाठी वडाला सूत गुंडाळतो, मग या जन्मातला एक रविवार मागायला लाजायचं कशाला?

जेजुरीचा गड नवीन जोडपी बरोबरच चढतात. नवऱ्यानं बायकोला उचलून काही पायऱ्या चढायची हौस तिथं आजही पुरवली जाते. आणि पंढरीची वारी! त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी तर तुमच्या राहुरीवरून, नगरवरून पुढं पंढरपूरला जाते. त्या दिंड्यांत साठी-सत्तरीतली जोडपी पाहिलीत ना? तिच्या डोक्यावर तुळस, त्याच्या खांद्यावर पताका. आषाढी एकादशीला पहाटेच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्री सपत्नीक असतात, आणि त्यांच्या शेजारी दर्शनाच्या रांगेतून निवडलेलं एक वारकरी जोडपं 'मानाचे वारकरी' म्हणून असतं. तो मान जोडप्याला मिळतो. 'या वयात?' याचं उत्तर आपल्या रस्त्यावरून दर वर्षी चालत जातं.

शास्त्र काय म्हणतं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर ऍरन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी ५३ विवाहित जोडपी घेतली. काहींना आठवड्यातून दीड तास दोघांनी मिळून काहीतरी वेगळं, जरा उत्साहाचं करायला सांगितलं. काहींना नेहमीचंच पण सुखाचं काही करायला सांगितलं. बाकीच्यांना काहीच वेगळं करायचं नव्हतं. दहा आठवड्यांनी पाहिलं, तर वेगळं काही करणाऱ्यांचं संसारातलं समाधान नेहमीचंच करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं होतं.

२००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आपल्याला हसू येईल असा आहे. नवरा-बायकोचं एका बाजूचं मनगट आणि घोटा एकमेकांना बांधायचे आणि त्या अवस्थेत गादीवरून रांगत, मधला अडथळा ओलांडत, एक उशी हातात न धरता पलीकडं न्यायची. आपल्या शाळेतल्या तीन पायांच्या शर्यतीचाच प्रकार! हा सात मिनिटांचा खेळ खेळलेल्या जोडप्यांना एकमेकांबद्दल जास्त बरं वाटू लागलं. सोपं, कंटाळवाणं काम दिलेल्यांना तसं वाटलं नाही.

याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच, की दोघांनाही नवीन असलेलं आणि एकमेकांच्या मदतीशिवाय न होणारं काम दोघांना जवळ आणतं. हॉटेलात जाऊन डोसा खाल्ला तर पोट भरतं, पण तिथं एकमेकांची गरज लागत नाही. निसरड्या कातळावर हात द्यावा लागतो आणि घ्यावाही लागतो.

सगळी मेख चालीत आहे

आता मुख्य गोष्ट. डोंगरावर जोडप्यांची भांडणं कशावरून होतात ठाऊक आहे? चालीवरून. नवरा झपझप पुढं जातो. पन्नास पावलं पुढं जाऊन एखाद्या दगडावर बसतो, पाणी पितो. बायको धापा टाकत तिथं पोचते, आणि ती पोचल्याबरोबर तो उठतो, "चला!" त्याची विश्रांती झालेली असते, तिची सुरूही झालेली नसते. असं चार-पाच वेळा झालं की ती मनातून चिडते आणि त्याला मात्र वाटतं, 'मी तर दर वेळी हिच्यासाठी थांबलो!'

म्हणून दोन नियम घरूनच ठरवून निघा. पहिला, ज्याची चाल हळू तो पुढं. दुसरा, थांबल्यावर उठायचं कधी हे मागून पोचलेल्यानं सांगायचं. आणि हे दोन्ही बाजूंनी बरं का! दिवसभर घरात आणि बाजारात तुमचे पाय चालते असतात, त्यांची बैठी नोकरी असते, पोटही थोडं सुटलेलं असतं. कदाचित दम त्यांनाच आधी लागेल. अशा वेळी "म्हटलं नव्हतं, सकाळी फिरायला जात जा?" हा टोमणा गिळून टाकायचा. चढावर कुणाला सल्ला नको असतो, घोटभर पाणी हवं असतं.

हे फार साधं वाटेल. पण मोठमोठ्या गिर्यारोहकांनाही शेवटी हेच करावं लागलं आहे. निवेस मेरॉय आणि रोमानो बेनेट हे इटलीतलं एक जोडपं आहे. हिमालय-काराकोरममधली ८००० मीटरहून उंच अशी चौदा शिखरं दोघांनी मिळून चढायची, तीही बरोबर ऑक्सिजनच्या नळ्या न घेता, हा त्यांचा ध्यास. २००९ साली दोघं कांचनगंगेवर होते. चौदाही शिखरं चढणारी पहिली स्त्री कोण, याची जगात तेव्हा चढाओढ लागली होती आणि निवेस त्यात अगदी पुढं होती. अर्ध्या वाटेत रोमानोच्या अंगातलं बळ गेलं. एकटीनं पुढं जाणं तिला शक्य होतं. ती गेली नाही, त्याला घेऊन खाली उतरली. खाली आल्यावर कळलं, की त्याच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच बंद पडत चाललं होतं. पुढं दोनदा मज्जारोपण करावं लागलं. 'पहिली' होण्याचा मान दुसरीला गेला. पण तो बरा झाला, २०१४ साली दोघं पुन्हा कांचनगंगेवर गेले आणि या वेळी बरोबर माथ्यावर पोचले. २०१७ साली अन्नपूर्णा चढून त्यांनी चौदावं शिखरही दोघांनी मिळून पुरं केलं.

आपल्याला काही कांचनगंगा चढायची नाही. पण निम्म्यातून परत फिरायची वेळ आपल्यावरही येऊ शकते. अशा वेळी 'तुमच्यामुळं राहिलं' हे वाक्य खाली उतरल्यावरही, आठ दिवसांनीही, पाहुण्यांसमोरही काढायचं नाही. एकाला उतरावंसं वाटलं की दोघांनी उतरायचं. हे ज्या जोडप्याला जमलं, त्यांचा डोंगर माथ्याला न जाताही पुरा झाला असं मी म्हणेन.

कळसूबाईची अट

ताई, तुम्ही कळसूबाईचं नाव काढलंत, तर तिचीच कथा ऐका. कळसू ही कोळ्याची मुलगी, रानात हिंडायची आवड असलेली. पायथ्याजवळच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलंच. तिनं मुकाट्यानं दोन्ही कामं केली, आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून लोक दाखवतात. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच शिखरावर, १६४६ मीटरवर, देवी म्हणून बसली आहे ती ही मुलगी!

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडं सहल म्हटली की बाईचा स्वयंपाक दुप्पट होतो. रात्री बारापर्यंत पुऱ्या तळायच्या, तीनला उठून पोहे करायचे, सासूबाईंचं दिवसभराचं करून ठेवायचं, आणि मग डोळे चुरचुरत डोंगर चढायचा. परत आल्यावर भांड्यांचा ढीग आहेच. अशी सहल म्हणजे जागा बदलून केलेलं तेच काम.

तेव्हा त्या दिवसापुरती तुम्हीही कळसूची अट घाला. दशम्या आदल्या दिवशी दुपारीच करून ठेवा, दोन-तीन दिवस टिकतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, चार काकड्या. तेवढं बस्स. पाण्याच्या बाटल्या भरणं, पिशवी बांधणं, गाडीची चौकशी हे यजमानांकडं सोपवा. सोपवलं म्हणजे सोपवलं, मागं उभं राहून "तसं नको, असं" म्हणायचं नाही. त्यांनी टॉवेल विसरला तर पदराला हात पुसू. बारी गावात आणि सुट्टीच्या दिवशी वाटेवरही पिठलं-भाकरी, चहा, लिंबू सरबत मिळतं. तिथं दोघांनी मांडीला मांडी लावून बसावं आणि दोघांनाही कुणीतरी वाढावं. कित्येक घरांत नवरा-बायको एका वेळी, गरम गरम जेवायचा हा वर्षातला पहिलाच प्रसंग असेल!

एकदम कळसूबाई नको

पायांना सवय नसताना एकदम मोठा डोंगर काढला तर आठ दिवस जिना उतरवत नाही, आणि मग पुन्हा कुणी नाव काढत नाही. सुरुवात घरापासून करा.

पहिले तीन-चार आठवडे रोज पाऊण तास दोघांनी चालायचं. देवळालीसारख्या गावात कालव्याकडेचा, शेतांमधला रस्ता असतोच. मात्र चांगलं उजाडल्यावरच निघा. आपल्या भागात उसातून बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधारात उसाच्या कडेनं चालणं टाळायचं. चालताना मोबाईल एकच न्यायचा, तोही पिशवीत.

मग एखाद्या रविवारी वांबोरीच्या पुढं मांजरसुंब्याजवळ गोरक्षनाथ गडावर जाऊन या. नाथांचं दर्शन होतं आणि पायांची परीक्षाही. जवळच डोंगरगण आहे, पावसाळ्यानंतर तिथला परिसर हिरवागार असतो. अर्ध्या दिवसात घरी परत.

त्यानंतर माझी एक खास सूचना आहे. तुमच्या गावाच्या नावाला जी नदी जोडलेली आहे, तिचा उगम तुम्ही दोघांनी पाहिला आहे का? प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडावर उगम पावते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या पाण्यावर आणि कालव्यांवर या सगळ्या पट्ट्याचा ऊस, पर्यायानं कितीतरी संसार उभे राहिले. कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत शेंडीला पोचायचं, तिथून जलाशयाच्या कडेनं रतनवाडीला. रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाहायला चढावं लागत नाही. तिथं मुक्काम केलात तर सकाळी रतनगडाच्या वाटेनं झेपेल तितकं जंगलात चालून या. पूर्ण गड चढायचा तर गावातला माहीतगार वाटाड्या बरोबर घ्या.

आणि मग कळसूबाई. वाट बारी गावातून आहे. रमतगमत चढायला तीन-चार तास लागतात, उतरायला त्याहून थोडे कमी. अवघड कातळांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. शिडीवर एकानं पूर्ण चढून गेल्यावरच दुसऱ्यानं पाय ठेवावा आणि खाली पाहू नये. पहिल्या वेळी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. भर पावसात कातळ निसरडे होतात, धुक्यात वाट चुकते आणि सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांगा लागतात. नवरात्रात यात्रा असते, तेव्हा दर्शनाला जरूर जा, पण दोघांना निवांत बोलायचं असेल तर तो मुहूर्त नव्हे! सकाळी लवकर चढायला लागा, म्हणजे ऊन डोक्यावर येण्याआधी माथा गाठता येतो.

तब्येतीचं काय?

चार पायऱ्या चढलं की धाप लागत असेल तर 'मी मेली अशीच' म्हणून स्वतःला नावं ठेवू नका. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोहाच्या गोळ्या घ्या, दोन-तीन महिन्यांनी डोंगर आहेच. डोंगराच्या निमित्तानं तपासणी झाली तर तोही फायदाच.

यजमानांना मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर बऱ्याच चालण्यानं साखर एकदम उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखर, बिस्किटं ठेवा. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी चुकवू नये. छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात कळ आली, घाम फुटला, तर 'थोडंच राहिलंय' म्हणायचं नाही. तिथंच थांबायचं आणि मदत मागवायची. गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना. काठी घ्या, पावलं लहान टाका, घाई करू नका.

आता एक नाजूक गोष्ट. वाटेत सोय नसते म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. हे फार वाईट. त्यानं चक्कर येते आणि पुढं लघवीची जळजळही होते. पाणी भरपूर प्या आणि आडोशाला जायचं झालं तर यजमानांना सरळ सांगा, "जरा इकडं पाठ करून उभे राहा." यात लाजायचं काय? चढायच्या आधी बारीत ज्या घरी जेवणाचं सांगाल, तिथल्या बाईंना विचारलं तर त्या आपलं न्हाणीघर-संडास वापरू देतात.

सासूबाई, शेजारीण आणि 'हे'

सासूबाई हसल्या म्हणून मनाला लावून घेऊ नका. त्यांना त्यांच्या वयात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्या हसल्या असतील. देवीचं दर्शन म्हणून निघा, ते खोटंही नाही. येताना त्यांच्यासाठी कळसूबाईचा अंगारा आणा आणि वर काय काय पाहिलं ते बसून सांगा. त्या दिवशी त्यांच्या सोबतीला शेजारणीला सांगून ठेवा. दुसऱ्या वेळी तुम्ही तिच्या घरचं पाहा. 'लोक काय म्हणतील' ही भीतीही तशीच कमी होते, कारण लोकांतलीच एक जण तुमच्या बाजूची होते.

यजमान नाहीच म्हणत असतील तर हट्ट नको. "तुम्ही मला कधी कुठं नेलं?" अशी सुरुवात केली की बोलणं तिथंच संपतं. त्यापेक्षा एखादं काम त्यांच्याकडं द्या. "रतनवाडीला रस्ता कसा आहे, जरा पाहता का?" पुष्कळ पुरुषांना 'चला' म्हटलेलं पटत नाही, पण 'सांगा' म्हटलेलं आवडतं! आणि त्यांच्या गुडघ्याला, हृदयाला खरंच झेपत नसेल तर डोंगर सोडा. कालव्याचा पाऊण तास सोडू नका. माझ्या मते खरा गुण त्यातच जास्त आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ज्या घरात मारहाण आहे, दारूचा धिंगाणा आहे, सततचा संशय आहे, त्या घरचं दुखणं डोंगर चढून बरं होत नाही. तिथं निर्जन जागी दोघंच जाणं शहाणपणाचंही नाही. तिथं माहेरच्या माणसांशी बोला, महिला हेल्पलाईनचा १८१ हा क्रमांक फिरवा. हे पान आहे ते ज्या घरात माणसं चांगली आहेत, पण बोलणं थांबलं आहे, त्यांच्यासाठी.

आणि पहिल्या फेरीतच फार काही घडेल अशी आशा धरू नका. कदाचित सगळी वाट गॅस आणि लाईट बिलच निघेल. निघू द्या. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी कुठंतरी दुसरं काही निघेल. माथ्यावर बसल्यावर त्यांना "काय विचार करताय?" असं विचारू नका. शेंगदाणे पुढं करा आणि तुम्हीही गप्प बसा. शेजारी बसून गप्प राहणं आणि दोन खोल्यांत गप्प राहणं यात फार फरक आहे.

पिशवीत काय काय हवं

* पाणी: दर माणशी अडीच-तीन लिटर. दोघांच्या बाटल्या वेगवेगळ्या, म्हणजे ओझंही वाटलं जातं.
* लिंबू, मीठ, साखर एका डबीत. दम लागला की वाटेतच सरबत.
* दशम्या किंवा धपाटे, चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर.
* तळाला नक्षी असलेले कॅनव्हासचे बूट आणि सुती मोजे. बूट नवे असतील तर आधी आठ दिवस घालून चाला. चपला, सँडल नकोत.
* सलवार-कमीज उत्तम. नऊवारीची सवय असेल तर कासोटा घालून खुशाल चढा. गोल साडी मात्र शिडीवर पायात येते.
* डोक्याला रुमाल किंवा टोपी, एक छोटी विजेरी, एक काठी.
* पट्टी, जंतुनाशक मलम, नेहमीच्या गोळ्या, दोन सॅनिटरी पॅड, जुनं वर्तमानपत्र.
* कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. हे सगळं रान अभयारण्यात येतं, प्लॅस्टिकचा कपटाही मागं ठेवायचा नाही.

पिशव्या दोन असाव्यात, एक त्यांच्या पाठीवर, एक तुमच्या. जड कोणती ते त्यांना उचलून पाहू द्या.

तुमच्यापैकी कुणी जोडीनं डोंगर चढून आल्या असतील तर जरूर लिहा. वाटेत भांडण झालं असेल तर तेही लिहा, आणि कशावरून झालं ते नक्की लिहा!